नुसत्या शिक्क्यावरून बशी जुनी ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला चिनी मातीच्या जुन्या भांड्यांवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. ‘तळाचा शिक्का बघा, झिलईला बारीक तडे असतील तर माल जुना समजा’ असं तुमच्या लेखकांनी बिनदिक्कत लिहून टाकलं आहे. दोन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं आणि साडेचार हजार रुपयांना फसले. म्हणून हे पत्र.

आमच्याकडे पणजोबांच्या वेळच्या सहा निळ्या बशा होत्या. विलो नक्षीच्या. पुलावरची तीन माणसं, वाकलेलं झाड, वर पक्ष्यांची जोडी. घर बदलताना त्यातली एक फुटली. आई कुणाला बोलली नाही, पण उरलेल्या पाच तिने वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. तिच्या पंचाहत्तरीला सहावी बशी आणायची असं मी तेव्हाच ठरवलं. एका दुकानात हुबेहूब तशी मिळाली. “ताई, १८५० सालची आहे, खालचा शिक्का बघा,” दुकानदार म्हणाला. शिक्का होता खरा. मुकुट, सिंह, एकशिंगी घोडा आणि खाली ‘मेड इन इंग्लंड’. झिलईवर तपकिरी जाळीही होती. मी पैसे मोजले.

आईने बशी हातात घेतली, उलटी केली, काठाखालून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “छान आहे गं. पण ही आपल्यातली नाही.”

मग आम्ही माळ्यावरची एक काढून शेजारी ठेवली. जुन्या बशीच्या काठाखाली तीन जागी बोटाला खरखर लागते. भट्टीत बशा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये टेकू लावत, त्यांच्या त्या खुणा. आईचा अंगठा त्याच शोधत होता. नव्या बशीचा काठ सगळीकडून गुळगुळीत. जुन्या कामात तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरून ती पातळ कागदावर उतरवत आणि तो कागद बशीवर दाबून बसवत. काठाची पट्टी तुकड्यांनी लागत असल्याने कुठेतरी सांधा चुकतोच. आमच्या बशीवर एक फूल अर्धंच आहे, लहानपणी ते मी बोटाने पुरं करायची. नव्या बशीवर सांधा दिसला नाही, आणि भिंगातून पाहिलं तर कोरीव रेघांऐवजी छापील चित्रातले असतात तसे एकसारखे ठिपके. रात्रभर कोमट पाण्यात ठेवली तर सकाळी पाणी चहाच्या रंगाचं. तडे काय, आजही मुद्दाम पाडता येतात आणि रंगवताही येतात!

बुडाची कडही बघायला हवी. शंभर वर्षं फळीवर सरकलेल्या बशीचे ओरखडे आडवेतिडवे असतात. या बशीच्या बुडावर ते सगळे एकाच दिशेने, पॉलिश पेपर मारल्यासारखे.

आणि तो शिक्का! परदेशी मालावर देशाचं नाव हवं असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला, १८९१ पासून तो लागू झाला. इंग्रजी बशांवर ‘इंग्लंड’ सर्रास दिसू लागलं ते त्यानंतर, आणि ‘मेड इन इंग्लंड’ बहुतेक विसाव्या शतकातलं. म्हणजे बशी अस्सल असती तरी १८५० ची नसतीच. एवढी एक ओळ तुमच्या लेखात असती तर किती वाचकांचे पैसे वाचले असते. आमच्या घरात त्या बशा पेशवाईतल्या म्हणून सांगत. त्यांच्या तळाशी ‘इंग्लंड’ आहे, तेव्हा त्या पेशवाईतल्या नाहीत, हे मी आईला सांगितलं. तिला वाईट वाटलं. पण खरं ते खरं.

दुकानदाराने बशी परत घेतली नाही. “जुन्या मालाला गॅरंटी नसते,” म्हणाला. जुना असता तर मी परत कशाला नेला असता?

आणखी एक. अख्ख्या पानभर लेखात आपल्या मुंबईचा उल्लेख नसावा? जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली सुंदर झिलईदार भांडी घडत होती, काहींवर अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती बघायला मिळतात. अस्सल काम डोळ्यांत बसवायला वाचकांना तिथे पाठवायचं, तर तुम्ही पाठवता शिक्क्यांच्या तक्त्याकडे. फोटोही सगळे समोरून काढलेले, एकाही बशीचं बूड दाखवलेलं नाही.

दोन्ही बशा माझ्याकडे आहेत. तुमच्या छायाचित्रकाराला पाठवा, शेजारी शेजारी उलट्या करून ठेवते. आणि मागच्या वेळेसारखं पत्र अर्ध्यावर कापू नका, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे