रविवारच्या सभेआधी

प्रिय बाळ्या,

पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

आता मुद्दा. बायकोला सांगून उपयोग नाही, तिला आपल्या मेसमधलं अंड्यांचं प्रकरण ठाऊक नाही. इथल्या आमच्या शाकाहारी मंडळातून खजिनदाराला काढायचं चाललंय. गुन्हा काय, तर अध्यक्षांनी त्याला बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारात पापलेट घेताना पाहिलं. (अध्यक्ष भल्या पहाटे तिथे काय करत होते, हे कुणी विचारलं नाही.) तो स्वतः खात नाही रे. बायको वेंगुर्ल्याची, तिच्यासाठी आणतो, साफ करतो, तिखलंही करून घालतो. हिशेब चोख. पण मंडळाच्या नीतिमत्तेचं काय, म्हणे! रविवारी मतदान. हॉलचं भाडं अध्यक्षांच्या खिशातून जातं, म्हणजे निकाल तुला कळलाच.

आणि हे सगळं याच लंडनमध्ये एकदा होऊन गेलंय. १८९१. लंडन व्हेजिटेरियन सोसायटीचे अध्यक्ष अर्नोल्ड हिल्स, जहाजाच्या कारखान्याचे मालक. संस्था चालायची बरीचशी त्यांच्याच पैशावर. डॉ. ॲलिन्सन संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्यांना काढायचा ठराव. कार्यकारिणीत गांधी, वय एकवीस. त्यांना ॲलिन्सनचं मत अजिबात पटत नव्हतं, तरी म्हणाले, संस्था शाकाहाराच्या प्रचारासाठी आहे, बाकीच्या नीतीसाठी माणसाला बाहेर काढता येणार नाही. म्हणाले कसले, लिहून आणलं. उभं राहून वाचायचा धीर होईना, शेवटी दुसऱ्या कुणीतरी वाचलं. ॲलिन्सन हरले. त्या डॉक्टरच्या नावाचं कोंड्यासकट दळलेलं गव्हाचं पीठ इथे अजून मिळतं, आमच्या पोळ्या त्याच्याच.

या लोकांना मांस सोडूनही भांडायची ताकद कुठून येते, देव जाणे. मूळ सोसायटी १८४७ ची, रॅम्सगेटला स्थापन झालेली. सभेचे अध्यक्ष ब्रदरटन, सॅलफर्डचे खासदार. तिथल्या बायबल ख्रिश्चन पंथाची मंडळी कित्येक वर्षं आधीपासून मांस वर्ज्य करून बसलेली. १८८८ मध्ये लंडनवाले फुटले, परत एकत्र यायला १९६९ उजाडलं. मधेच १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन म्हणाला, दूधही नको म्हणणाऱ्यांचा वेगळा विभाग करा. नाही म्हणाले. त्याने व्हीगन सोसायटीच काढली. आपल्या मेस कमिटीत तू नि पाटील उकडलेल्या अंड्याच्या वासावरून तीन तास भांडलात, ते या मानाने काहीच नाही. (त्या रात्री माझ्या डब्यातला सुका बोंबील कुणी संपवला, हे मी अजून वहिनींना सांगितलेलं नाही. सांभाळून राहा.)

बरं, तुझी बदली रद्द झाली का? काकूंचा मोतिबिंदू? छोटीला बारावीच्या मार्कांबद्दल शाब्बास सांग, सविस्तर पुढच्या पत्रात.

तर मीही लिहून ठेवलंय, दीड पान. कॉलेजात माझी भाषणं तूच वाचायचास, मी मागे पडदा धरून उभा. इथे पडदा नाही आणि तूही नाहीस. खजिनदार म्हणतो, 'राहू दे, मी राजीनामा देतो.' त्यानेच माझी जास्त पंचाईत केलीय. तो गेला तर मला बोलावंच लागणार नाही, आणि ते मला फार सोयीचं वाटतंय. म्हणून त्याला चार दिवस थांब म्हणालोय.

मजकूर सोबत पाठवतोय. अध्यक्षांना बिलिंग्जगेटबद्दल विचारणारं वाक्य शेवटून दुसरं आहे. ठेवू की काढू? शनिवारच्या आत कळव.

तुझा,
नंद्या