देवनागरी अंकांतील बरोबर उत्तरे चूक धरल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन गणित स्पर्धा विभाग

विषय: इयत्ता सहावीच्या गणित स्पर्धेतील उत्तरांची फेरतपासणी करून सुधारित निकाल देण्याबाबत.

महोदय/महोदया,

माझी मुलगी सांगलीतील मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत शिकते. आपल्या जाहिरातीत ‘प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध’ असे ठळकपणे छापले होते, म्हणूनच मी शुल्क भरून तिची नोंदणी केली. स्पर्धेत पर्यायी प्रश्नांखेरीज काही उत्तरे चौकटीत स्वतः टाइप करायची होती. तिच्या टॅबवरील मराठी कीबोर्डवर अंक देवनागरीच उमटतात आणि इंग्रजी अंकच वापरावेत, अशी सूचना ना माहितीपत्रकात होती, ना प्रश्नपत्रिकेत.

नमुन्यादाखल एकच प्रश्न देते. सव्वातीन वाजता तास काटा आणि मिनिट काटा यांच्यातील कोन किती अंशांचा, असे विचारले होते. मिनिट काटा तेव्हा तीनवर असतो, पण तास काटा मिनिटाला अर्धा अंश सरकत असल्याने तोवर तीनच्या साडेसात अंश पुढे गेलेला असतो. घाईत शून्य लिहून पुष्कळ मुले इथे फसतात. ही फसली नाही. तिने ‘७.५’ लिहिले, आपल्या उत्तरसूचीतही साडेसातच आहे आणि तरीही तिच्या उत्तरापुढे लाल फुली आहे. चौकटीतल्या तिच्या प्रत्येक उत्तराची हीच गत झाली असून, चुकीच्या उत्तराला गुण वजा करण्याच्या नियमामुळे पर्यायी प्रश्नांत मिळवलेले गुणही घटले आहेत. तिच्या वर्गातील एका मुलाने तेच उत्तर इंग्रजी अंकांत लिहिले होते. त्याला पूर्ण गुण मिळाले.

कारण उघड आहे. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांना आणि इंग्रजी अंकांना वेगवेगळे संकेतांक आहेत, त्यामुळे आधी रूपांतर न करता अक्षराला अक्षर ताडून पाहिले, तर किंमत एकच असूनही उत्तर जुळत नाही. हे रूपांतर प्रणाली तयार करणाऱ्यांसाठी किरकोळ काम आहे. मी हे सारे ईमेलने कळवले असता ‘निकाल संगणकाने तपासला असल्याने तो अंतिम आहे’ एवढेच उत्तर आले आणि पाठोपाठ आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनी करून, मुलीचा पाया कच्चा असल्याने तिला आपल्या सशुल्क शिकवणीस घालावे, असा सल्ला दिला. ज्या निकालाची फेरतपासणी आपण नाकारता, त्याच्याच आधारे शिकवणी विकणे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते.

जाहिरातीत या स्पर्धेला ‘ऑलिंपियाडची पहिली पायरी’ म्हटले आहे, तेही दिशाभूल करणारे आहे. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडसाठी भारतीय संघ निवडण्याचा कार्यक्रम होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत चालतो. त्याच्या टप्प्यांत आपल्या स्पर्धेला स्थान नाही. शिवाय त्या ऑलिंपियाडमध्ये दोन दिवसांत मिळून सहाच प्रश्न असतात आणि दररोज साडेचार तास मिळतात. आपल्याकडे मात्र समान गुण असल्यास सेकंद मोजून क्रमांक ठरतो.

तेव्हा चौकटीतील उत्तरे देवनागरी अंक ग्राह्य धरून पुन्हा तपासावीत, वजा केलेले गुण परत द्यावेत आणि सुधारित गुणपत्रक व क्रमांक लेखी कळवावा. मराठीत प्रश्नपत्रिका सोडवणाऱ्या इतर मुलांचे निकालही याच रीतीने, त्यांच्या पालकांनी मागणी करण्याची वाट न पाहता, दुरुस्त करावेत. हे शक्य नसेल तर नोंदणी शुल्क पूर्ण परत करावे. शिकवणीसाठीचे दूरध्वनी तर आजपासूनच थांबवावेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे आपणांस बंधनकारक आहे. त्या मुदतीत कार्यवाही न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करून जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. गुणपत्रक, उत्तरसूची, शुल्काची पावती आणि आपल्या ईमेलची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
एक पालक, सांगली