भरतीची वेळ पण छापा की

संपादक साहेब, रविवारी अष्टमी होती, भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी उजाडायच्या आत गळ टाकून बसलो तर दुपारपर्यंत खेकडेच कोळंबी कुरतडून नेत होते, मासा म्हणून नाही. हिशोब साधा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला साधारण सहा, त्यात भांगाचं पाणी (म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढ-उताराची भरती-ओहोटी), सकाळभर ते नुसतं रेंगाळत ओसरतं. बारानंतर पाणी फिरलं आणि रॉड असा वाकला, तांबोशी! मग पाठोपाठ पालू. शेजारची मुंबईची पोरं कंटाळून केव्हाच गेलेली, खडकात नायलॉनची दोरी तशीच टाकून (बगळ्यांचे पाय अडकतात हो त्यात). तर सूर्योदयाशेजारी भरती-ओहोटी पण छापा ना रोज, राशिभविष्य एक ओळ कमी चालेल.

– एक हौशी गळवाला, रत्नागिरी