नाशिकच्या मुंबई नाक्यावरच्या चहावाल्या काकांना

काका, नमस्कार.

१८ डिसेंबर २०२२ च्या रात्री तुमच्या टपरीशी बॅग घेऊन कुडकुडत उभा होता तो कोल्हापूरचा पोरगा मीच. तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे उघडं पत्र.

ट्रॅव्हल्सची गाडी ऐनवेळी रद्द झाली होती, मोबाइल बंद पडला होता आणि तिकडे कतारमध्ये लुसेलला फुटबॉल वर्ल्डकपची फायनल चालू होती. आमच्याकडे पाटाकडील तालमीच्या टीमची मॅच असली तरी अख्खी पेठ शाहू स्टेडियमवर असते, आणि मी फायनलच्या रात्री रस्त्यावर! शेजारच्या शटरवर चादर लावून पोरं मॅच बघत होती. तुम्ही नुसतं म्हणालात, "अहो, तिकडं काय उभे राहिलेत? या की इकडं." नाशकात फुटबॉल कोण बघतंय, असा माझा कोल्हापुरी माज होता. तो तिथंच उतरला.

मी बसलो तेव्हा अर्जेंटिना दोन-शून्यनं पुढं होती. मी चहाचा घोट घेईपर्यंत फ्रान्सच्या एम्बापेनं दोन मिनिटांत दोन गोल ठोकले. सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं! पाहुण्याचा पायगुण. पुढं मेस्सीनं तिसरा मारला, एम्बापेनं तोही फेडला, तेव्हा तुम्हीच निकाल दिलात: पेनल्टी शूटआउट संपेस्तोवर पाहुण्यांनी पडद्याकडं पाठ करून बसायचं.

त्यामुळं अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझनं फ्रान्सच्या कोमानची पेनल्टी अडवली ती मी पाहिलीच नाही. मी बघत होतो तुमचं तोंड. ८६ साली शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मॅराडोना पाहिला होता म्हणालात ना, तोच पोरगा समोर बसल्यासारखा वाटला. माँटिएलच्या गोलला तुमच्या हातातली किटली उडाली, तेव्हा कळलं, जिंकलो. पेनल्टीत ४-२.

मग तो ढोल. आमची हलगी कडाडते, कानात घुसते. तुमचा नाशिक ढोल थेट छातीत वाजतो. पोरांनी टिपरू माझ्या हातात दिलं. मी लय पार घालवली, पण कुणी परत मागितलं नाही. अर्जेंटिनाचं निळं-पांढरं काही नव्हतं, तर एकानं शाळेचा शर्ट काठीला बांधून नाचवला. दहा मिनिटांत गस्तीची गाडी आली, "आवरा आता" म्हणाली, आणि आवरलं.

पहाटेपर्यंत टपरीत बसू दिलंत, स्कूटरवरून ठक्कर बाजार स्टँडला सोडलंत, चहाचे पैसे घेतले नाहीत. "पायगुणाचा दंड फिटला," म्हणालात.

काका, स्कूटरवर गार वारा लागतोय म्हणून तुम्ही स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात घातला होता. एसटी सुटल्यावर लक्षात आलं. तो धुऊन, घडी घालून ठेवलाय. पुढच्या महिन्यात घेऊन येतोय. तेवढं टपरी तिथंच ठेवा.

तुमचा,
पाठ करून बसलेला पाहुणा