पांढऱ्या पाण्याचा निगेटिव्ह रिपोर्ट

महोदय,

मी नागपूरच्या महाल भागातल्या एका लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसते. ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणून आलेल्या बाईचा नमुना बर्डीहून तासाभराने पोचतो, तोवर त्यातला ट्रायकोमोनास, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा सूक्ष्म परजीवी, निपचित पडलेला. ताज्या थेंबात तो झटके देत पळताना दिसतो. थांबला की पांढऱ्या पेशींत हरवतो. झाला रिपोर्ट निगेटिव्ह! ताज्या स्लाइडवरही बऱ्याच केसेस निसटतात. पीसीआरसारखी, जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी त्या पकडते, पण लिहून देतं कोण? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात याचे १५.६ कोटी नवे संसर्ग झाले. औषध साधंच, मेट्रोनिडाझोल. पण नवऱ्यालाही घ्यावं लागतं. त्याला बहुधा लक्षणंच नसतात, म्हणून तो म्हणतो, ‘मला काय झालंय?’ पीसीआरसारखी ही चाचणी सरकारी दवाखान्यांत मोफत मिळावी.

— एक लॅब टेक्निशियन, नागपूर