गाठ बोराएवढी

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर नीट बोलता आलं नाही. बाबा समोरच शेंगा फोडत बसले होते आणि तू तिकडून ‘आई, गाठ निघालीय’ म्हणून रडत होतीस. मी आपली ‘हं, हं, जेवलीस का’ करत राहिले. म्हणून हे पत्र.

रिपोर्ट चष्मा लावून दोनदा वाचला. तीन सेंटिमीटरची फायब्रॉइड, गर्भपिशवीच्या बाहेरच्या अंगाला. म्हणजे चांगल्या बोराएवढी. ही पिशवीच्या स्नायूचीच वाढलेली गाठ असते. तो कॅन्सर नव्हे, आणि अशा गाठीत कॅन्सर निघणं फार क्वचित. आकारापेक्षा जागा बघायची. आतल्या अस्तराशी असली तर लहानशी गाठही बाईला रक्ताने भिजवते. बाहेरच्या अंगाला असली तर वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. तुझी पाळी नीट आहे. सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी म्हणाल्यात ना डॉक्टर? मग झालं.

माझी आतली होती. तू आठवीत होतीस तेव्हा मी गडद साड्याच नेसायचे, आठवतं? एसटीत सीटवर जुन्या साडीची चौघडी टाकून बसायचे आणि उतरताना मागे हात लावून बघायचे. दर तासाला पॅड, सुपारीएवढ्या गुठळ्या. आजी म्हणायची, पाळी जायच्या वयात अंगावरून असं जातंच. तीन वर्षं अंगावर काढलं. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा तपासलं, तर हिमोग्लोबिन सहा. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं.

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ ऑपरेशनची तारीखसुद्धा दिली. मी ‘हो’ म्हणून बसले होते! तुझ्या मावशीने हट्टाने दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तो साधा निघाला, आणि दुर्बिणीने खालूनच गाठ खरवडून काढली. पोटाला एक टाका नाही. दुसऱ्या दिवशी मी घरी भाकऱ्या थापत होते (थापायला नको होत्या, तो वेगळा विषय).

बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये गाजलं होतं बघ. पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कुणाला पांढरं जायचं, कुणाला नुसतं दुखायचं. पाळीमुळे कामाला खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, त्यात डॉक्टर कॅन्सरची भीती घालणार. पिशवीबरोबर अंडाशयही गेले की पाळी जायच्या वयातले त्रास ऐन तरुणपणीच सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. काही आजारांत पिशवी काढावीच लागते, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण भीती घालून नको.

खरी भीती बाळगायची ती पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि व्हायला बहुतेकदा दहा-वीस वर्षं घेतो, म्हणून आधीच पकडता येतो. २००० च्या आसपास उस्मानाबाद जिल्ह्यात गावोगाव याची तपासणी झाली होती, टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने मिळून केलेली. सव्वा लाखाच्या वर बायका होत्या त्या अभ्यासात. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यातले या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे निघाले. मला ‘जातंच’ म्हणणारी आजी स्वतः मात्र शेजारणीचा हात धरून तिथे गेली होती. काहीतरी दिसलं, तिथेच गार यंत्राने गोठवून टाकलं. गावात तिने ते कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं तेही माझं ऑपरेशन झाल्यावर.

तू चोवीस वर्षांची आहेस. पुण्यातल्या सीरम कंपनीची एचपीव्हीवरची लस २०२३ पासून मिळते, ती सव्विसाव्या वर्षापर्यंत घेता येते, तुझ्या वयाला सहा महिन्यांत तीन डोस. नऊ-दहाव्या वर्षी घेतली असती तर जास्त चांगलं, तेव्हा मलाच माहीत नव्हतं. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच. आणि तुझ्या रूममेटला सांग, पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी बिघडवणारा त्रास) म्हणजे गाठी नव्हेत. पूर्ण न वाढलेली बीजं असतात ती. वजन आणि पाळी सांभाळायची.

रात्री बाबांना सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘मग जाऊन ये की तिच्याकडे, आणि शेंगाची चटणी ने.’ शनिवारच्या सकाळच्या गाडीने येते. तुझी जुनी सोनोग्राफी कपाटात असेल, ती काढून ठेव.

तुझी,
आई