दुकान बंद असताना पण आमचा कोटा खाल्ला, त्याचे पैसे परत करा

नमस्कार सपोर्ट टीम,

माझं अप्पा बळवंत चौकात शालेय पुस्तकांचं दुकान आहे, जूनमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून तुमचं ऑटोमेशन टूल घेतलं. काम साधं, पालकांनी गूगल फॉर्म भरला की ऑर्डर शीटमध्ये पडायची, पालकांना व्हॉट्सॲप जायचा आणि आतल्या पोराला पॅकिंगची यादी. तुमच्या सेल्सवाल्याने डेमोत सांगितलं की एवढ्याला छोटा प्लॅन रग्गड आहे, सेटिंग पण त्यानेच करून दिलं.

आणि ऐन सीझनमध्ये सगळं ठप्प! प्लॅनमध्ये टूल जेवढ्या वेळा चालवता येतं तो कोटा संपला म्हणे. मेल नाही, मेसेज नाही, पालक काउंटरवर येऊन भांडायला लागले तेव्हा कळलं.

लॉग उघडला तर काय, तुमचं टूल दर ५ मिनिटांनी नवीन ऑर्डर आली का बघतं आणि आली नसली तरी एक रन मोजतं. म्हणजे दिवसाला २८८, ३० दिवसांचे ८६४०, एकही ऑर्डर न येता! रात्री शटर खाली, तुमचं मीटर चालूच. अहो रिक्षावाला पण वेटिंगचं आधी सांगतो.

तुमच्यासारखीच दुसरी टूल्स बघा. झॅपियरमध्ये नुसतं चेक करणं टास्कमध्ये, म्हणजे मोजायच्या कामांत, धरत नाहीत. मेकमध्ये धरतात, पण ते तसं लिहून तरी ठेवतात. एन८एनच्या क्लाउडवर तर अख्खा वर्कफ्लो, म्हणजे सगळ्या स्टेपची साखळी, एकदा चालला की एकच एक्झिक्युशन मोजतात, मग आत स्टेप कितीही असोत. तुमच्या प्रायसिंग पेजवर मात्र नुसतं ‘रन’, म्हणजे नक्की काय ते कुठेच नाही. मी किंमत बघून टूल निवडलं, मोजतात कसं हे विचारायला पाहिजे हे गिऱ्हाइकाला कसं सुचणार?

चॅटवर तुमचा माणूस म्हणतो वेबहुक वापरा, म्हणजे ऑर्डर आली की टूलला आपोआप कळतं, मग चेक करावंच लागत नाही. बरोबर आहे त्याचं, पण मग सेटिंग करतानाच का नाही लावलंत?

तर रिकाम्या चेकमुळे जो जादा प्लॅन घ्यायला लागला त्याचे पैसे परत करा, डॉलरमध्ये कापलेत म्हणून कार्डवर बसलेल्या फॉरेक्स चार्जसकट. कोटा ८० टक्क्यांवर आला की व्हॉट्सॲपवर कळवा. आणि माझे वर्कफ्लो एक्सपोर्ट करून द्या, भाचा एन८एन स्वतःच्या सर्व्हरवर टाकून द्यायला तयार आहे, तिथे रन मोजायचा प्रश्नच नाही.

उत्तर माणसाने द्यावं, बॉटने नको.

एक वैतागलेला दुकानदार, पुणे